परीक्षेचा कान

पेडणे महालात राज्य बदललं की परीक्षेची भाषा बदलते, आणि परीक्षेचं हत्यार बदललं की गावात हुशार मूल कोण तेही बदलतं. मी मोपात वाढले आणि याच तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिकवत निवृत्त झाले. त्यामुळे हे मला पुस्तकातून कळावं लागलं नाही; आमच्या घरातच त्याचे पुरावे होते. पणजोबा मोडी वाचणारे म्हणून शहाणे. आजोबांनी पोर्तुगीज परीक्षाही दिलेली आणि मराठीही. वडिलांना मुक्तीनंतर छापील प्रश्नपत्रिका भेटली. आजी मात्र शेवटपर्यंत निरक्षरच. तिला रात्रभराचं दशावतारी नाटक सकाळी चुलीपाशी संवादांसकट सांगता यायचं, पण त्याचे गुण द्यायची सोय कुठल्याच राज्यात नव्हती.

हल्ली ‘समग्र मूल्यमापन’ हा शब्द प्रत्येक परिपत्रकात असतो. मुलाचं ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असं सगळं पाहा, आणि त्यासाठी फोन, टॅब, रेकॉर्डिंग वापरा, असं सांगतात. सांगणं चांगलं आहे. पण भाषेची परीक्षा आमच्याकडे दोनशे-अडीचशे वर्षं चालू आहे, आणि दर वेळी हातात आलेल्या साधनाला जेवढं मोजता आलं तेवढीच भाषा खरी धरली गेली. नव्या साधनाकडे बघताना हा इतिहास जवळ असलेला बरा.

पेडणे १७८८ साली कायमचं पोर्तुगीजांकडे गेलं. त्याआधी हा सावंतवाडीच्या भोसल्यांचा मुलूख. १७४६ मध्ये व्हाइसरॉयने हळर्णचा किल्ला घेतला, त्यावरून त्याला पदवीही मिळाली, पण पुढची चाळीसेक वर्षं महाल इकडून तिकडे होत राहिला. बारदेश-सासष्टीच्या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, १६८४ च्या फर्मानाने कोकणी बोलणं तीन वर्षांत बंद पाडायचा घाट घातला होता. तो काळ आमच्या वाट्याला आला नाही. आमच्यासारख्या नव्या काबिजादीत लोकांचे रीतिरिवाज राखायचं धोरण ठरलं, म्हणून गावकीचे कागद मराठीतच, बरेचसे मोडीत, लिहिले जात राहिले. ते समजून घ्यायला पणजीच्या सरकारला दुभाष्या पदरी ठेवावा लागे. राज्य त्यांचं, पण दप्तर उघडलं की परीक्षा सरकारचीच.

त्या काळच्या पंतोजीच्या शाळेचं मुख्य साधन धूळपाटी. फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचं, हात फिरवून पुसायचं, पुन्हा काढायचं. हात बसला की बोरू आणि कित्ता. तिन्हीसांजेला परवचा. परीक्षेचा दिवस वेगळा नसे. घरात जुना कागद असे, कुणाचं पत्र आलेलं असे; ते मुलापुढे टाकायचं आणि म्हणायचं, वाच. वाचता आलं तर मूल पास. या पद्धतीत एक मोठी गोष्ट होती, भाषा कामाला लागते की नाही तेच त्यात बघितलं जाई. आणि एक मोठं व्यंग होतं. तो कागद ठरावीक घरांतच असायचा. मोपाच्या सड्यावर गुरं राखणाऱ्या पोरापुढे आणि कुठल्याही जातीच्या मुलीपुढे कुणी कागद टाकला नाही. त्यांची परीक्षाच झाली नाही, म्हणून ती अडाणी ठरली.

पोर्तुगीज शाळेने परीक्षेला तारीख दिली, टेबल दिलं आणि परका परीक्षक दिला. पणजीत लिसेव हे माध्यमिक विद्यालय १८५४ मध्ये सुरू झालं, पण पेडण्यातल्या मुलाचा संबंध यायचा तो खालच्या इयत्तांशी, प्रिमेर ग्राव आणि सेगुंद ग्राव या परीक्षांशी. आजोबा ‘इश्कोला’च्या गोष्टी सांगायचे त्यात मास्तर उतारा सांगायचा आणि मुलं लिहून घ्यायची, हा प्रसंग हमखास यायचा. चुका मोजायच्या आणि चुकांच्या हिशोबाने पाल्मातोर, म्हणजे लाकडी थापा, तळहातावर. श्रुतलेखन हे त्या शाळेचं आवडतं माप. एका आवाजात वर्गभर मुलांची परीक्षा होते, आणि चूक म्हणजे काय यावर वाद होत नाही. पण त्यातून कळायचं एवढंच की मुलाला परकी भाषा ऐकून उतरवता येते. त्याला ती समजते का आणि तिच्यात स्वतःचं काही सांगता येतं का, हे कुणी विचारत नसे.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले. मग गोव्यात मराठी शाळांना जोर आला. पणजीची मुष्टिफंड संस्था त्याच्या थोडी आधीची, १९०८ ची. घरोघरच्या मूठभर तांदळातून उभी राहिलेली म्हणून तिचं नाव तसं. पेडण्यात मात्र पणजीपेक्षा बांदा जवळ आणि सावंतवाडी आपली. मोपा-तोरश्याकडून पलीकडे गेलं की ब्रिटिश अमलाखालच्या संस्थानी मुलखात मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, देता येई. ती झालेला माणूस मास्तर होऊ शके. अशी कितीतरी मुलं या बाजूला एक परीक्षा देत आणि त्या बाजूला दुसरी. आजोबा त्यांतले. इकडे त्यांच्या पोर्तुगीजच्या चुका मोजल्या गेल्या, तिकडे त्यांच्या मराठीवर ‘गोव्याकडचा हेल’ असा शेरा पडला. घरी ते ज्या पेडणेकारी बोलीत भांडत, हसत, हिशोब करत, तिची नोंद दोन्ही दाखल्यांवर नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना चालेल असा दुभाषी मुलगा तयार झाला होता आणि कागदावर तो दोन्हीकडे अर्धवट होता.

बोलण्याची खरी परीक्षा तेव्हा घेत होतं ते देऊळ. जत्रेला दशावतार व्हायचा, अजून होतो. आमच्याकडच्या दशावतारात संहिता नसते. कथानक ठरलेलं, पण संवाद उभ्या जागी रचायचे. शेतात राबणारा माणूस रात्री रावण होऊन घोळदार मराठीत युद्धाचं आव्हान देतो, आणि समोरचा अडला तर त्याच्या तोंडची वाक्यं सावरूनही घेतो. ऐकणं, समजणं, प्रसंगाला धरून उत्तर देणं, शब्दांची निवड, आवाजाची फेक, सगळं एकदम तपासलं जातं, आणि परीक्षक म्हणजे समोर बसलेला गाव. शब्द घसरला तर लोक तिथल्या तिथे हसतात. भाषेची इतकी भरघोस तोंडी परीक्षा मी शिक्षक झाल्यावर कुठल्याही शाळेत बघितली नाही. तिला एकच कमी होतं. तिचा निकाल कुणी लिहून ठेवला नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्या वेळच्या जनगणनेत दहातली तीनेक माणसंच साक्षर निघाली होती. १९६३ च्या शेवटी भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव, वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा उघडल्या, बहुतेक मराठी माध्यमाच्या. ज्यांच्यापुढे पंतोजीने कागद टाकला नव्हता त्या घरांतल्या मुली पाटी घेऊन बसल्या. मी त्यांतलीच. आमच्या शाळेची झेप कमी लेखणाऱ्याशी मी आजही वाद घालीन. पण एवढ्या मुलांची परीक्षा घ्यायची कशी, या प्रश्नाचं उत्तर एकच निघालं, लेखी पेपर. वरची एसएससी आधी पुण्याच्या मंडळाची होती, १९७५ च्या कायद्याने गोव्याला स्वतःचं मंडळ मिळालं. मंडळ बदललं तरी भाषेचा पेपर कागदावरचाच राहिला. निबंध, पत्र, व्याकरण, संदर्भासह स्पष्टीकरण. मराठी विषयात पहिला येणारा मुलगा मराठीत दोन वाक्यं बोलायला उभा राहिला की घामाघूम व्हायचा, आणि त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नसे.

तोंडी तपासणीला उरले भागशिक्षणाधिकारी. साहेब येणार म्हटलं की शाळा सारवून निघायची. ते पुस्तक उघडून कुणाला तरी उभं करत. एक परिच्छेद, दोन प्रश्न, पुढचा. त्या एका परिच्छेदावर वर्गाची भाषा ठरे. बाकीची मुलं सुटलो म्हणून खूश.

साधनाला मोजता येईल तेवढीच भाषा धरणं हे फक्त आमच्याकडचं नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९१४-१५ च्या सुमारास मूकवाचनाची चाचणी तयार केली. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायची पद्धत शाळेत रुजायला ती कारण झाली. परीक्षकाची मर्जी चालू नये, हा हेतू. पुढे रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या शाळामास्तराने पेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते हे हेरून खुणा मोजायची युक्ती काढली, आणि १९३८ मध्ये आयबीएमने ८०५ क्रमांकाचं यंत्र बाजारात आणलं. आज आपली मुलं ओएमआरचे गोल काळे करतात, त्याचं मूळ तिथे आहे. यंत्राला खूण कळत होती, वाक्य कळत नव्हतं. झालं असं की हळूहळू प्रश्नपत्रिकाच खुणेच्या मापाची होऊ लागली. ‘योग्य शब्द निवडा’ हा प्रश्न वाढला, ‘तुझ्या शब्दांत सांग’ हा आटला. इंग्रजी येतं का हे तपासणाऱ्या टोफेल परीक्षेची सुरुवात १९६४ ची, पण बोलणं हा तिचा सक्तीचा भाग झाला २००५ मध्ये, इंटरनेटवरून आवाज घेता यायला लागल्यावर. चाळीस वर्षं परक्या भाषेत शिकायला निघालेल्या माणसाचं तोंड उघडून न बघता ती भाषा त्याला येते असं ठरत होतं.

आवाज पकडणारं पहिलं यंत्र माझ्या वर्गात आलं ते सरकारी नव्हतं, माझंच होतं. कॅसेट निघाल्या १९६३ ला; आमच्याकडे टेपरेकॉर्डर आला तो गल्फला गेलेल्या भावामुळे. जूनमध्ये मी एकेका मुलाला बसवून एक उतारा वाचायला लावायचे आणि मग ‘आता तुझ्या मनाने काहीतरी सांग’ म्हणायचे. मार्चमध्ये तेच पुन्हा. दोन्ही आवाज एकापाठोपाठ ऐकवले की कुठलंही प्रगतिपुस्तक सांगणार नाही ते मुलाला स्वतःलाच कळायचं. तिसरीतला एक मुलगा लिहिण्यात अगदी मागे, वेलांट्या कुठेही. टेपसमोर बसवला तर त्याने जत्रेतल्या दुर्योधनाचं अख्खं भाषण ठोकलं, मध्ये स्वतःची वाक्यं घालून, आणि व्याकरण चुकलं नाही. मी ती टेप वार्षिक तपासणीच्या वेळी वाजवून दाखवली. सगळे हसले, कौतुक केलं. निकालपत्रकात ते लिहायला रकाना नव्हता.

रकाना आला तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याबरोबर. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करा असं त्यात म्हटलं होतं. कल्पना आम्हांला पटलेली. प्रत्यक्षात नोंदवह्या वाढल्या. निरीक्षण कमी आणि निरीक्षणाच्या नोंदी जास्त, अशी गत झाली. त्याआधीच, २००५ पासून, ‘प्रथम’ संस्थेने ‘असर’ची पाहणी सुरू केली होती. तिचं साधन म्हणजे साधा कागद. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. स्वयंसेवक घरी जातो आणि एकेका मुलाजवळ बसून ऐकतो. देशाला धक्का बसला तो या कागदाने. पाचवीतली कितीतरी मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकत नव्हती, आणि लेखी परीक्षांच्या ढिगाला ते कळलं नव्हतं. यंत्र नव्हतंच, फक्त मुलाच्या शेजारी बसणारा कान होता.

गोव्यात संगणक विद्यार्थ्यांच्या घरात आला ‘सायबरएज’ योजनेतून, अकरावी-बारावीच्या मुलांसाठी. पुढे टॅब आले. पण देवनागरी टाईप करायचं शिकवलं कुणी नाही. आमची मुलं मराठी रोमन अक्षरांत लिहायला शिकली, तीही परीक्षेबाहेर. खरा बदल २०२० च्या टाळेबंदीत झाला. रेंजसाठी पोरं सड्यावर चढायची, आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर व्हॉइस मेसेज यायचे. वाचनाचा, कवितेचा, कधी नुसताच ‘टीचर, आमची गाय व्याली’ असा. कधी नव्हे ते प्रत्येक मुलाचा आवाज प्रत्येक शिक्षकाकडे साठू लागला. मी तेव्हा निवृत्त होते, पण शेजारची शिक्षिका रात्री फोन कानाला लावून बसायची आणि म्हणायची, ‘बाई, हा पोरगा वर्गात एक अक्षर बोलत नव्हता हो.’

त्याच वर्षी मेमध्ये गुगलचं ‘रीड अलाँग’ हे अॅप जगभर खुलं झालं. भारतात ते ‘बोलो’ नावाने २०१९ मध्ये आलं होतं. मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो, अडलेला शब्द म्हणून दाखवतो, नीट वाचलं की चांदण्या देतो. एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं, म्हणून मोपासारख्या ठिकाणी सोयीचं. जगभर खुलं झालं तेव्हा त्यात नऊ भाषा होत्या. त्यांत मराठी होती, आणि पोर्तुगीजही होती. कोकणी नव्हती. आजोबांच्या दोन्ही परीक्षांच्या भाषा यंत्राला ऐकू येत होत्या आणि त्यांच्या घरातली येत नव्हती. शेजारच्या नातवाला मी ते लावून दिलं. चार ओळी त्याने झकास वाचल्या, मग एका शब्दावर यंत्र अडून बसलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘टीचर, माका वाचूक येता. तेकाच ऐकूक येना.’

त्या पोराने मूल्यमापनाचा सगळा प्रश्न एका वाक्यात मांडला. चाकातला च वेगळा आणि चारमधला वेगळा, लिपीत दोन्ही सारखे. शिवाय आमचा हेल पुण्याचा नाही. ज्या आवाजांवर यंत्र शिकलं त्या आवाजांनाच ते पास करणार. आता भारत सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात आणि मद्रास आयआयटीच्या ‘एआयफोरभारत’ या केंद्राच्या कामात कोकणीसकट बावीस भाषांचे आवाज गोळा होत आहेत. तो कान हळूहळू तयार होईल. पण तयार होईपर्यंत त्याने दिलेल्या गुणांवर मुलाचं नशीब ठरवणं म्हणजे जुनंच ‘गोव्याकडचा हेल’ हे शेरापुराण नव्या यंत्राने चालवणं.

दुसरी अडचण वेगाची. २०२१ च्या ‘निपुण भारत’ मोहिमेने दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द, अर्थ समजून, वाचावेत असं ठरवलं. माप असणं वाईट नाही. त्याने मागे पडणारं मूल लवकर दिसतं. पण शब्द मोजणं फोनला जमतं आणि ‘अर्थ समजून’ मोजणं जमत नाही, तेव्हा फळ्यावर आकडाच राहतो. आरतीच्या चालीत धडाधड वाचणारं मूल पुढे जातं, आणि गोष्टीत कोल्हा असं का वागला म्हणून थबकणारं मागे.

युरोपात २००१ मध्ये भाषा शिकणाऱ्यांसाठी एक संचिका सुचवली गेली. तिचे तीन भाग. कुठली भाषा कितपत येते याची नोंद, ती कशी शिकलो याची हकिगत, आणि स्वतःच्या कामाचे नमुने. घरातली, शेजारची, बाजारातली, सगळ्या भाषा त्यात येतात. एखादी अर्धी येत असली तरी तिला जागा आहे. आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रक सुचवलं, त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतः, त्याचे सोबती आणि पालकही मत देतात. या दोन्हींची सांगड आमच्या महालाइतकी दुसरीकडे कुठे गरजेची असेल असं मला वाटत नाही. जानेवारी २०२३ पासून मोपाच्या सड्यावरून विमानं उडतात. बांधकामाच्या दिवसांपासून इथल्या शाळांत कन्नड, हिंदी, भोजपुरी बोलणारी मुलं येऊन बसली. गावची पोरं विमानतळावर नोकरी मागायला जातात तेव्हा त्यांना इंग्रजीत बोलायला लावतात. आणि मराठी शाळांचे पट घटत चालले आहेत, कारण इंग्रजी नसलेली भाषा म्हणजे भाषा येत नाही असं आईबापांनाही वाटू लागलं आहे.

म्हणून यंत्राकडून माझी मागणी छोटी आहे. त्याने निकाल देऊ नये, आठवण ठेवावी. पहिलीपासून चौथीपर्यंत प्रत्येक मुलाचे वर्षाला दोन आवाज साठवावेत, एक वाचनाचा, एक मनाने सांगितलेल्या गोष्टीचा, ज्या भाषेत त्याला सांगावंसं वाटेल त्या भाषेत. हस्ताक्षराचा फोटो त्याशेजारी. शब्द मोजणं, तारखा लावणं, यादी करणं ही कामं फोनने घ्यावीत आणि त्यातून वाचलेला वेळ शिक्षिकेला ऐकायला मिळावा. मूल्यमापनासाठी आमच्याकडे साधन कमी होतं असं कधीच नव्हतं. ऐकायला वेळ कमी होता.

आणि प्रगतिपत्रकावर पहिला रकाना असा असावा: या मुलाला कोणकोणत्या भाषांत काय काय करता येतं. घरच्या बोलीत गोष्ट सांगतो, मराठी वाचतो, हिंदीत भांडतो, इंग्रजी पाट्या ओळखतो, असं. हा रकाना पंतोजीकडे नव्हता, इश्कोलात नव्हता, पुण्याच्या मंडळाकडे नव्हता, अॅपमध्येही नाही. तो छापायला विमानतळाएवढा खर्च येत नाही. एकदा तो छापला की यंत्राने काय ऐकायचं ते आपण त्याला सांगू शकू. नाहीतर ते आपल्याला सांगत राहील.